पुनाजीचं मत

पाण्याच्या पाळीचा कागद घेऊन नहरावरचा चौकीदार आला, तेव्हा नत्थूजी अंगणात बसून दाढी करवून घेत होते. एका गालावर साबण, दुसरा गाल साफ, आणि तोंड नेहमीप्रमाणे चालूच. वस्तरा धरलेला माणूस बिचारा त्यांचं वाक्य संपायची वाट पाहत हात वर धरून उभा होता.

"परवाची पाळी हाये, बाप्पा," चौकीदार म्हणाला. "दिवस निंघल्यापासून त बुडेपर्यंत. मंग पानी खालच्या गावाले जाते."

"परवा त पोलिंग हाये."

"मले काऊन सांगता? साहेबानं कागद लेहून देल्ला, म्या आनून देल्ला."

ऐंशी सालचा जानेवारी नुकता लागला होता. त्या वर्षी पाऊस पोळ्यालाच पाठ दाखवून गेला, कापसाची बोंडं सुपारीएवढी राहिली, आणि धरण अर्धंही भरलं नाही. गव्हाला दोनच पाळ्या द्यायच्या असं वरून ठरलं. पहिली होऊन गेली होती. ही दुसरी चुकली असती तर पोटरीत आलेला पाच एकर गहू उभ्या उभ्या वाळून गेला असता. नत्थूजींनी कागद दोनदा वाचला, घडी करून मांडीखाली ठेवला आणि उरलेला गाल पुढे केला.

नत्थूजी बासष्ट वर्षांचे. एकदा सरपंच होऊन गेलेले. त्यामुळे गावात कोणतीही गोष्ट आपल्याला विचारल्याशिवाय होऊ नये असं त्यांना वाटायचं, आणि बहुतेक गोष्टी होऊन गेल्यावरच त्यांना कळायच्या. पण मतदान म्हटलं की त्यांचा तोरा सगळे निमूट चालवून घेत, कारण त्या दिवसाचं प्रेम त्या माणसाच्या पोटातून आलेलं होतं. त्यांच्या वडिलांच्या काळी शेतसारा भरणाऱ्यालाच मत असे. वडील धुतलेलं धोतर नेसून बंडीत बसून मत द्यायला जात, आणि बंडी हाकणारा बाहेर बैलांजवळ तंबाखू मळत बसून राही. पोरवयात नत्थूजींनी ते पाहिलं होतं. मग बावन्न साली गावातल्या शाळेतच पेट्या आल्या आणि बंडी हाकणाराही त्यांच्या मागोमाग आत गेला. तेव्हापासून त्यांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. ह्या देशानं आपल्याला काय दिलं असं कोणी विचारलं, की ते शेतीभाती काही सांगत नसत, त्या रांगेचीच गोष्ट सांगत.

संध्याकाळी त्यांनी पुनाजीला बोलावलं. पुनाजी त्यांचा सालदार, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीवर राहिलेला. जातीनं गोंड. नदीकाठी त्याचं गाव होतं, ते धरणात गेलं. माणसं जिकडे वाट फुटली तिकडे पांगली. पुनाजी आणि त्याची बायको भागाबाई दोन गाठोडी आणि कोंबड्यांची एक टोपली घेऊन ह्या गावात आले, त्याला बारा वर्षं झाली होती. त्याच धरणाचा कालवा मग नत्थूजींच्या शेतापर्यंत आला. पुनाजी त्याबद्दल काही बोलत नसे. पहिल्यांदा पाणी सुटलं तेव्हा मात्र त्यानं त्यात हात बुडवला होता आणि म्हणाला होता, "हे आमच्या गावावरून येते."

गाव बुडालं तरी पुनाजीचं नाव त्या गावाच्या यादीतून निघालं नाही, आणि इथल्या यादीत चढलं नाही. मागच्या वेळी, सत्त्याहत्तरला, तो तासभर रांगेत उभा राहून परत आला होता. तुझं नाव इथं नाही, इतकंच त्याला सांगण्यात आलं. ह्या खेपेला शाळेचे प्रभाकरराव गुरुजी याद्या घेऊन घरोघर फिरले, आणि नवराबायको दोघांचीही नावं चढली. तेव्हापासून पुनाजी दोनदा शाळेत जाऊन गुरुजींना विचारून आला होता, नाव आहे ना म्हणून.

"परवा पान्यावर तुलेच राहा लागन," नत्थूजी म्हणाले.

"मालक, परवा माहं मत हाये."

"साऱ्यायचंच हाये. तुह्यं काऊन निराळं?"

"माहं अथंचं पयलंच हाये ना."

नत्थूजींना ते मनातून आवडलं. ते म्हणाले, "बरं मंग, आयक. तू झुंजुरकाच पान्यावर जाजो. दोन वाजता मी रूपरावले धाडतो. त्याच्या हाती फावडं देजो आन सिद्धा शाळेत येजो. पाच वाजेतोवर चालते. काई घाई नाई."

"नक्की धाडान ना?"

"आता लेहून देऊ का तुले?"

पुनाजी ओशाळून हसला. "नाई नाई. तुमी म्हनलं म्हंजे झालं."

लिहून देण्याची गरज नव्हती, कारण पाण्याचा एक कायदा त्या भागात सगळ्यांना ठाऊक होता. पाण्यावरचा माणूस फावडं जमिनीवर टाकून जात नाही. दुसरा येऊन त्याच्या हातातून ते घेतो, तेव्हाच तो मोकळा होतो. मध्ये कोणी मेलं तरी बेहत्तर. शेतात पाणी नेणारा दांड फुटला तर ते खालच्या शेतातल्या, वासुदेवरावांच्या, हरभऱ्यात शिरलं असतं, आणि हरभऱ्यात पाणी साचलं की झाड पिवळं पडतं. अशाच एका फुटलेल्या दांडापायी दोन्ही घरांचं बोलणं सात वर्षं बंद होतं, आत्ता कुठे ते सुरू झालं होतं.

मतदानाच्या दिवशी पहाटेच पुनाजी निघाला. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं, आणि काखेत एक लहानसं बोचकं. मनकर्णाबाई, म्हणजे नत्थूजींची बायको, सडा टाकत होत्या. त्यांनी विचारलं, "त्यात काय हाये रे?"

"धोतर-सदरा हाये, बाई. भागीनं काल निळीत बुडवून वाळवला."

नत्थूजी आठच्या ठोक्याला शाळेत हजर झाले. पांढरी टोपी, काळा कोट, आणि कोटाला न शोभणाऱ्या करकर वाजणाऱ्या वहाणा. पुरुषांची रांग एका बाजूला, बायांची एका बाजूला. त्यांच्या पुढे वासुदेवराव होते, मागे गावचा कोतवाल, त्याच्या मागे सकाळीच दाढीचं सामान बाजूला ठेवून आलेला तो वस्तरेवाला. बायांच्या रांगेत मनकर्णाबाईंच्या पाठीला लागून भागाबाई उभी होती. एरवी ह्या दोघी एका ओळीत कधी उभ्या राहत नसत. एक ओसरीवर असे, दुसरी ओसरीखाली.

आत गेल्यावर बोटाला शाई लागली. नत्थूजींनी शिक्का उठवला, कागदाची घडी दोनदा तपासली आणि पेटीत टाकली. बाहेर आले तर डोळे भरून आलेले. दरवेळी असंच व्हायचं. त्यांना वडील आठवले, बैलांजवळ बसलेला तो बंडीवाला आठवला, आणि आपण अशा देशात म्हातारे झालो ह्याचं खरोखर बरं वाटलं. त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि कोणी पाहिलं तर नाही ना, हे पाहिलं. वासुदेवरावांनी पाहिलं होतं.

त्यानंतर घरी जाऊन पडावं, तर तो माणूस नत्थूजी कसला. शाळेसमोरच्या लिंबाच्या ओट्यावर त्यांनी बैठक मांडली. येणाऱ्या प्रत्येकाला 'झालं का?' विचारायचं, झालं असेल तर शाबासकी द्यायची, नसेल तर हाकलायचं. दुपारी मतदानाच्या साहेबाला आणि त्याच्या माणसांना जेवण त्यांच्याच घरून गेलं. मनकर्णाबाईंनी आणि भागाबाईनं मिळून तीस पोळ्या, ओल्या तुरीच्या सोल्याची भाजी आणि भात केला होता. भागाबाई सारखी दाराशी येऊन सूर्याकडे पाहत होती.

साहेब जेवून पाय मोकळे करायला बाहेर आला, ओट्यावर टेकला. तरुण होता, शहरातला होता, आणि गावात कोणी आपलं नीट ऐकून घेईल ह्याची त्याला अपेक्षा नव्हती. नत्थूजींनी त्याला धरलं. पुतण्या रूपरावही तिथेच शेजारी बसून सुपारी कातरत होता.

"तुमाले सांगतो साहेब, असं गाव नाई भेटनार. सडुसष्ट-अडुसष्टची गोष्ट. माह्या कोठ्याले आग लागली. रात... नाई, दिवसाढवळ्या. वारा असा का इचारू नका. चार बैल अंदर, दावनीले बांधलेले. सारं गाव धावून आलं. गावानं बैल काढले माहे, चारही. दुसऱ्या दिवशी पाहतो त घरोघरचे बांबू येऊन पडलेले अंगनात. म्या कोनाले मांगले नाई. आठ दिवसांत कोठा उभा. ह्या गावाचं माह्यावर लय हाये, साहेब."

 ते खोटं बोलत नव्हते. साहेबही हेलावला. मग पंचायतीची गोष्ट निघाली, मग शाळेची, मग बावन्न सालची. दोन कधी वाजले आणि तीन कधी वाजले, ओट्यावर कोणाला कळलं नाही.

साडेतीनच्या सुमारास साहेबानं आतून यादी मागवून घेतली आणि ओळींवरून बोट फिरवलं. "बरीच नावं बाकी दिसतात."

"त्या वेचनीच्या बाया. कापूस मोजून झाला का साडेचारले सपाट्यानं येतात. त्यायची चिंता नका करू."

"त्यांच्याशिवाय कोणी असेल शेतात वगैरे, तर सांगा. तुमच्या कोतवालाकडे सायकल आहे, त्याला पाठवतो हाक मारायला. उगाच कोणाचं मत जायला नको."

कोतवाल सायकलीला हात लावून उभाच होता. नत्थूजींनी डोळे बारीक केले. मनातल्या मनात ते एका टोकापासून निघाले, पाटलाचा वाडा, वासुदेवरावांचं घर, कुंभाराची दोन घरं, वस्तरेवाला, खालची वस्ती, असं करत गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचले. प्रत्येक घरातलं माणूस त्यांनी सकाळपासून रांगेत पाहिलं होतं.

"नाई साहेब," ते समाधानानं म्हणाले. "कोनी राह्यलं नाई."

कोतवालानं सायकल पुन्हा भिंतीला लावली.

त्याच वेळी भागाबाई लिंबाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, नजर खाली. ओट्यावर सात-आठ पुरुष बसलेले, त्यांत साहेब. तिच्यानं पुढे येववेना. नत्थूजींनी तिला पाहिलं. जेवणाची भांडी न्यायला आली असेल असं वाटून ते म्हणाले, "भांडे अंदर हायेत वो, शाळेत."  ती भांडी न घेताच वळली आणि भराभर त्यांच्या घराच्या वाटेला लागली.

दहा मिनिटांनी खुद्द मनकर्णाबाई आल्या. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण त्या ओट्यापर्यंत त्या कधी आल्या नव्हत्या. 

"अवो, पुनाजीले सोडाले कोन गेलं?"

नत्थूजींनी रूपरावकडे पाहिलं. रूपरावनं अडकित्ता खाली ठेवला.

"माह्याकडे काऊन पाहून राह्यले, काका? मले कुठं सांगतलं तुमी?"

आणि खरंच त्यांनी सांगितलं नव्हतं. काल सांगू, उद्या सकाळी सांगू, असं करत राहून गेलं होतं. सकाळपासून तो त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. नत्थूजी उठले. शाळेतल्या घड्याळात चारला पाच कमी होते. कोतवालाची सायकल त्यांच्या नजरेस पडली, पण आताच 'कोणी नाही' म्हणून सांगितलेल्या तोंडानं साहेबासमोर ती मागायची कशी? एवढी एक लाज आडवी आली. "रेंगी जुंप," ते रूपरावला म्हणाले. तो घरी जाईपर्यंत, बैल गोठ्यातून काढून रेंगीला जुंपेपर्यंत, दहा मिनिटं गेली. त्या दोन बैलांच्या छोट्या गाडीनं दीड कोसांची वाट कितीही हाणली तरी पंचवीस मिनिटांची होती.

शेतावर पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पुनाजी गुडघाभर चिखलात उभा राहून वाफ्याचं बारं, म्हणजे पाणी शिरायचं तोंड, बांधत होता. अंगावर फक्त लंगोटी आणि डोक्याला फडकं. रेंगीचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. रागावला नाही, काही विचारलंही नाही. फक्त म्हणाला, "वाजले किती, मालक?"

"साडेचार होऊन गेले. दे, फावडं दे इकडे."

पुनाजीनं फावडं दोन्ही हातांनी पुढे केलं. नत्थूजींनी ते घेतलं, तेव्हा त्यांना त्याचा उजवा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चकचकीत आणि आकसलेली होती. बारा वर्षं तो हात ते रोज पाहत होते.

"चाल, बस लवकर," रूपराव रेंगीतून ओरडला.

पुनाजीनं स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. "सरकारच्या म्होरं असा येऊ का, रूपरावभाऊ?" तो दांडाच्या पाण्यात उतरला, मांड्या-पिंढऱ्या घासून धुतल्या, तोंड धुतलं. मग बाभळीवर टांगलेलं बोचकं काढून सदरा अंगात घातला आणि धोतर नेसू लागला. हातांना घाई होती, म्हणून निऱ्या नीट बसेनात. त्यानं त्या सोडल्या, पुन्हा घातल्या.

"काका, सांगा ना याले."

नत्थूजी 'नेसू दे' म्हणाले. धुतलेलं धोतर नेसून मत द्यायला जाणारा माणूस त्यांना ठाऊक होता. त्याला घाई कर म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना वाटत राहिलं, की तेव्हा तरी ओरडायला हवं होतं.

रेंगी गेली. धूळ बसली. नत्थूजी एकटे पाण्यावर राहिले.

दहा वर्षांत त्यांनी फावडं धरलं नव्हतं. कोट काढून बाभळीला अडकवला, धोतर वर खोचलं. एक वाफा भरला, की त्याचं बारं बांधायचं आणि पुढचं फोडायचं, एवढंच काम. पण पाणी म्हाताऱ्या माणसाला ओळखतं. दुसऱ्याच बाऱ्यावर त्यांनी ढेकूळ उचललं तोवर पहिलं खचलं, आणि पाण्यानं खालच्या अंगाला, वासुदेवरावांच्या हरभऱ्याकडे, तोंड फिरवलं. नत्थूजी धावले, घसरले, एका गुडघ्यावर चिखलात बसले. फावड्यानं जमेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी चिखल ओढून ओढून तिथे लावला. श्वास लागला. कंबर वर होईना. पहाटेपासून पुनाजी हे एकटा करत होता, आणि दोन वाजल्यापासून वाटेकडे पाहत करत होता.

तसंच बसल्या बसल्या त्यांना आपलंच बोलणं आठवलं. गावानं बैल काढले माहे, चारही. गाव धावून आलं होतं हे खरं. बांबू आले तेही खरं. पण पेटलेल्या छपराखाली शिरून दावी कापणारा गाव नव्हता. तो गावात येऊन दोन महिनेही न झालेला एक परका माणूस होता. त्याच्या हातावर जळती फाटी पडली होती. पहिली काही वर्षं नत्थूजी ती गोष्ट त्याचं नाव घेऊन सांगत असत. मग सांगता सांगता कधीतरी पुनाजीच्या जागी गाव आलं. आणि आज, गावाचं एकेक घर मोजत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, त्यात आपल्याच कोठ्याला लागून असलेली ती झोपडी आली नाही. ती विसरलो नव्हतो, ती मोजण्यातच नव्हती. नत्थूजींना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दिवस बुडायच्या बेतात असताना पुनाजी परत आला. रेंगी वाटेवरच सोडून बांधावरून चालत आला. अंगावर तेच पांढरं धोतर, हातात वहाणा. त्याची बोटं पाहायचं धाडस नत्थूजींना झालं नाही.

"झालं का रे?"

"नाई, मालक."

तो बांधावर बसला. आपणच सांगू लागला.

"पाचावर सात-आठ मिनिटं झाली होती. दार उघडंच होतं. वेचनीच्या बाया उभ्या होत्या ना लाईनीत. पन पाच वाजता साहेबानं लाईनीतल्या साऱ्यायले चिठ्ठ्या वाटून देल्ल्या. ज्याच्यापाशी चिठ्ठी, थोच अंदर. भागीनं माह्या वहाना ठेवल्या होत्या लाईनीत. राकेलच्या लाईनीत आपन डबा ठेवतो ना, तशा. जशी लाईन सरके, तशा थे वहाना सरकवे. साहेब म्हने, ह्या कोनाच्या? भागी म्हने, माह्या मानसाच्या, येऊनच राह्यला थो. साहेब म्हने, बाई, वहानाले चिठ्ठी नाई देता येत. लोक हासले."



"मी गेलो त वहाना तेथंच होत्या. म्या पायात घालून दाखोल्या साहेबाले. म्हनलं, पाहा, माह्याच हाये, मंग मीच होतो ना लाईनीत. थोही मानूस चांगला होता, मालक. त्याले वाईट वाटलं. त्यानं यादी उघडून माहं नाव वाचून दाखोलं. पुरं नाव, बापासकट. म्हने, नाव हाये तुमचं, पन टाइम गेला." पुनाजीनं वहाणा बांधावर ठेवल्या. "माह्या बापाचं नाव लय दिवसांनं कोनी घेतलं."

खालच्या वाफ्यात पाणी हळूहळू पसरत होतं.

"साहेब म्हने, आमी चार वाजाच्या पयलेच इचारलं होतं. सायकलीवर मानूस धाडत होतो. पन गावातल्या मोठ्या मानसानं सांगतलं का कोनी राह्यलं नाई. कोन असन थो, मालक? वासुदेवराव असन का?"

'असेल' म्हटलं असतं तर निभावलं असतं. वासुदेवरावांशी जुनं वैर होतं, पुनाजीनं विश्वास ठेवला असता, आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नसता. नत्थूजींच्या मनात ते येऊन गेलं. त्यांनी ते येऊ दिलं ह्याचाही त्यांना पुढे पस्तावा झाला.

"मी होतो थो," ते म्हणाले.

पुनाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. चिखलानं माखलेला म्हातारा, हातात फावडं, गुडघा खरचटलेला.

"तुमी?"

"हो."

"मी अथी पान्यावर हावो, हे तुमाले मालूम होतं ना?"

"मालूम होतं."

"मंग?"

  "चुकलो, पुनाजी," ते कसेबसे म्हणाले. "लय मोठं चुकलो."

पुनाजी उठला. धोतर सोडून घडी करून बोचक्यात ठेवलं, सदरा काढला, आणि पाण्यात उतरून हात पुढे केला. "द्या ते. खालचे दोन वाफे राह्यले आजून. तुमी जा, रूपरावभाऊ रेंगी घेऊन वाटेवर उभे हायेत."

रात्री गावात चर्चा होती, की आपल्या गावचं मतदान आसपासच्या सगळ्या गावांत जास्त झालं. वासुदेवराव मुद्दाम घरी येऊन नत्थूजींना तसं सांगून गेले. नत्थूजींनी गुडघ्याला हळद लावून घेतली आणि लवकर आडवे झाले. पुढचे कितीतरी दिवस ते ओट्याकडे फिरकले नाहीत. पुनाजी पूर्वीसारखाच पहाटे येई, बैलांचं करी, शेतावर जाई. विचारलं तेवढ्याचं उत्तर देई. त्याच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तेच नत्थूजींना सोसत नव्हतं.

पाडव्याला सालदारीचं वर्ष संपतं. बारा वर्षं ह्या दिवशी पुनाजी नवी टोपी घेऊन जाई आणि दुसऱ्या दिवशी कामाला येई. काही बोलावंच लागत नसे. ह्या पाडव्याला तो भागाबाईला घेऊन आला. ती आत मनकर्णाबाईंकडे गेली. तो अंगणात उभा राहिला.

"औंदा मोकळं करा, मालक."

नत्थूजींना हे येणार हे ठाऊक होतं. तरी ते खाटेवरून उठले. "कुठं जातं?"

"तळेगावाकडे. साळा हाये तिकडं. संत्र्याच्या बगीच्यात काम हाये म्हने."

"अथं काई कमी पडलं का तुले?"

"नाई, मालक. तुमचं खाल्लं. तुमाले नाव ठेवनार नाई मी."

आतून भागाबाईचा आवाज येत होता. मनकर्णाबाई तिला काहीतरी देत होत्या आणि ती नको नको म्हणत होती.

"तेथं तुहं नाव नसन यादीत," नत्थूजी म्हणाले. "पुन्हा पाच-दहा वर्सं जातीन. अथं बारा वर्सांनं चढलं नाव, आन तू सोडून चालला. राह्य बापा. पुढच्या टायमाले मी सोता तुह्या संगं येईन. सगळ्यायच्या म्होरं उभा करीन तुले."

"न्यान तुमी, मले मालूम हाये." पुनाजी खाली पाहत होता. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, पावसापाण्याचं बोलावं तसं तो बोलत होता. "पन तेथं मले कोनी वळखत नाई, मालक. तेथं कोनी इसरलं मले, त मनाले लागत नाई."

त्यानं वाकून नत्थूजींच्या पायांना हात लावला. नत्थूजींना त्याला उठवून जवळ घ्यायचं होतं, थांब म्हणायचं होतं, पण तो अधिकार आपण कधी गमावला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भागाबाई बाहेर आली. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं. नत्थूजी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले.

"सांभाळून जाजो," ते म्हणाले, आणि दोघं वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.